औष्णिक कागदातील वर्णविकासक : एक ऐतिहासिक टिपण

दुकानातील पावतीच्या औष्णिक कागदावर अक्षर उमटते ते शाईवाचून. उष्णतेने कागदावरील लेप वितळतो, आम्लधर्मी वर्णविकासक वर्णहीन रंजकाचे लॅक्टोन-वलय उघडतो आणि रंग प्रकटतो. हे कार्य दीर्घकाळ बिस्फेनॉल-ए या फिनॉलाकडे होते. त्याचा स्त्रीसंप्रेरकसदृश गुण डॉड्स व लॉसन यांनी १९३६ मध्येच दाखविला होता; तथापि अशा कागदात त्याचे प्रमाण ०.०२ टक्क्यांहून कमी राखण्याचा युरोपीय संघाचा निर्बंध २०२० मध्ये अमलात आला. त्याच्या जागी बहुधा बिस्फेनॉल-एस आले. तेही फिनॉलच, आणि संप्रेरकक्रियेचा आक्षेप त्यासही लागू पडतो. वस्तुतः विकासकास आवश्यक असते ती केवळ आम्लता. पेर्गाफास्ट-२०१ मध्ये ती सल्फोनिल-यूरियातील नायट्रोजनस्थ हायड्रोजन पुरवितो. परंतु हे द्रव्य जलचरांस विषारी असल्याने निर्दोष पर्यायाचा शोध अद्याप संपलेला नाही.