दोन ठिकाणी मांडलेला संसार

गाव बरं की शहर, हा वाद आपण असा घालतो की जणू माणसाला दोहोंतून एकच घ्यायचं असतं. मुंबईच्या गिरणी कामगाराला अशी निवड कधी मिळालीच नाही. कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली आणि पुढची शंभरहून अधिक वर्षं जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून माणसं मुंबईला येत राहिली. १९२१च्या जनगणनेत मुंबईच्या दर दहा रहिवाशांपैकी आठांहून अधिक बाहेर जन्मलेले होते. पण त्यांनी गाव सोडलं होतं असं म्हणता येत नाही. जमीनदार खोताचा वाटा घातल्यावर उरलेल्या भातात वर्ष निघत नव्हतं, आणि गिरणीच्या पगारात बायकोमुलं मुंबईत पोसता येत नव्हती. म्हणून पुरुष लालबाग-परळच्या चाळीत आणि बाई गावच्या शेतात, असा एकच संसार दोन ठिकाणी मांडावा लागला.

शहरातली बाजू गावकीच्या खोलीत दिसते. दहा बाय बाराच्या खोलीत एकाच गावचे वीस-वीस गडी राहत. रात्रपाळीचा माणूस कामावर गेला की त्याच्या जागी दुसरा पथारी टाकी. प्रत्येकाच्या मालकीची म्हणावी अशी एक ट्रंक आणि भिंतीवरचा एक खिळा. जेवण खाणावळीत, उधारीवर, पगार झाला की हिशेब. आजारी पडलेल्याला या खोलीत जागा नव्हती. तो गावी जाई. १८९६ साली प्लेग आला तेव्हा काही महिन्यांत शहराची निम्म्याच्या आसपास वस्ती पळाली. बाळंतपणंही गावी होत. १९२१ साली मुंबईतले बालमृत्यू हजारी सहाशेंच्या वर नोंदले गेले. हा आकडा भयंकर आहेच, पण तो काहीसा फुगलेलाही आहे, कारण अनेक मुलांचा जन्म गावच्या दप्तरात आणि मृत्यू मुंबईच्या दप्तरात लागे. एका कुटुंबाचं आयुष्य दोन दप्तरांत असं विभागलं होतं.

१९३१ साली कामगारविषयक रॉयल कमिशनने अहवाल दिला की कामगाराचं गावाशी असलेलं नातं ही जमेची बाजू आहे, ते तोडू नये. कामगाराला आधार होता हे खरं. पण जमा कोणाच्या खात्यावर? आजारपण, बेकारी, म्हातारपण यांचा भार गावाने उचलला म्हणून गिरणीमालकाला एकट्या पुरुषापुरता पगार देऊन भागलं. तो भार मुख्यतः बाईच्या पाठीवर होता: लावणी, कापणी, सासू-सासरे, मुलं, आणि मनिऑर्डर उशिरा आली तर उसनवारी. पुरुष बाहेर जाण्याची ही रीत एवढी रुजली की २०११च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२०च्या वर स्त्रिया होत्या.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मोलाचा आहे. दलितांसाठी गाव हा आधार नव्हता, जाच होता. शहरानेच त्यांना मोकळा श्वास दिला. डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणाला जन्मभर विरोध केला आणि १९३७ साली खोती रद्द करण्याचं विधेयकही मांडलं, ते उगाच नाही. पण गिरणीच्या फाटकाशी जात गळून पडली नाही. विणकामाच्या साचाखात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि विटाळाच्या नावाखाली अस्पृश्यांना त्या जास्त पगाराच्या खात्यात घेत नसत. १९२८च्या गिरणी संपात आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. शहर तुलनेने बरं होतं, एवढंच म्हणता येतं.

१९२८चा तो संप सहा महिने चालला. हजारो कामगार गावी गेले, तिथल्या भातावर तगले आणि परत कामावर आले. १८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले तेव्हाही पुष्कळांनी गावाचीच वाट धरली. गावाने या वेळीही सांभाळलं, पण बऱ्याच जणांना परतायला गिरणीच उरली नाही. चार-सहा महिने कळ काढायला गावचं शेत पुरतं. गेलेल्या पगाराची जागा ते घेऊ शकत नाही. म्हणूनच गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर चढले तेव्हा कामगारांनी आणि वारसांनी हक्काचं घर मागितलं ते मुंबईत. अलीकडे मुंबईबाहेरच्या शेलू-वांगणीची घरं पुढे केली गेली, त्यालाही त्यांनी विरोध केला. त्यांना वाटा हवा आहे तो त्याच गिरणगावच्या जमिनीत, जिला गावच्या बायकांनी शंभर वर्षं स्वस्तात माणूसबळ पुरवलं.