डॉक्टर, पुढचं वाक्य काय बोलाल?

मॉसन लेक्समध्ये तुमच्या ओळखीचं कुणीतरी भारतातून एमबीबीएस करून आलेलं आणि ऑस्ट्रेलियन मेडिकल कौन्सिलच्या, म्हणजे एएमसीच्या परीक्षेचा अभ्यास करणारं असेल. त्यांना विचारा, कठीण काय? हृदयाचे झटके आणि औषधांचे डोस पाठ होतात. अडतं ते ‘रुग्णाला आता काय म्हणाल?’ या प्रश्नावर. हा प्रश्न परीक्षेत आला कुठून, ते आज ऐकूया.

१९६३ साली अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने निरोगी माणसांना आजारी असल्याचं सोंग शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसवलं. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डन यांनी टप्प्याटप्प्याची परीक्षा मांडली. एका खोलीत तपासणी, दुसरीत संवाद, आणि सगळ्यांना गुण द्यायचे निकष सारखेच. एएमसीची क्लिनिकल परीक्षा याच घराण्यातली आहे: २ मिनिटं वाचायला, ८ मिनिटं रुग्णाशी.

पण गुण कशाला द्यायचे, हे समजून घ्यायला कोर्टाकडेही बघावं लागतं. त्यातला पहिला धडा आपल्या ॲडलेडचाच. नसबंदीनंतरही एका बाईंना गर्भ राहिला. ही शक्यता एक टक्क्याहून कमी, म्हणून डॉक्टरांनी ती सांगितली नव्हती. १९८३ साली साउथ ऑस्ट्रेलियाच्या सुप्रीम कोर्टात डॉक्टर जिंकले. मात्र मुख्य न्यायाधीश किंग यांनी बजावलं, की रुग्णाला किती सांगायचं याचा शेवटचा निवाडा डॉक्टरांची प्रथा करणार नाही, कोर्ट करेल.

पुढे १९९२ साली हायकोर्टात, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयात, ‘रॉजर्स विरुद्ध व्हिटेकर’चा निकाल लागला. लहानपणापासून एका डोळ्याने जवळजवळ अंध असलेल्या बाईंनी त्याच डोळ्याच्या शस्त्रक्रियेआधी धोक्यांबद्दल पुन्हा पुन्हा विचारलं होतं. चांगल्या डोळ्याला धोका होता, साधारण १४,००० मध्ये एक. तो सांगितला गेला नाही आणि नेमका तोच डोळा गेला. हायकोर्ट म्हणालं, या रुग्णाला जे महत्त्वाचं वाटेल, ते सांगायलाच हवं.

आता परीक्षेतला नेहमीचा प्रसंग घ्या. मुलगा दाराबाहेर गाठून म्हणतो, ‘डॉक्टर, आईला कॅन्सर आहे हे सांगू नका.’ आपल्याकडे वाढलेल्या डॉक्टरला हे अजिबात नवं नाही. ‘घाबरू नका, होईल सगळं ठीक’ हे तर आपल्या तोंडात बसलेलं. पण इथे आधी मुलाला विचारायचं, ‘तुम्हाला कशाची भीती वाटते?’ मग आईलाच विचारायचं, ‘तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?’ आई म्हणाली, ‘मुलालाच सांगा’, तर तोही तिचाच निर्णय. आईला इंग्रजी येत नसेल, तर नातवाला दुभाषा करायचं नाही. १३१ ४५० वर सरकारी दुभाषा सेवा मिळते. रुग्ण रडत असेल, तर माहिती थांबवायची, थोडं गप्प बसायचं. उत्तर आठवलं नाही, तर एवढंच विचारा: या पर्यायात निर्णय कुणाच्या हातात राहतोय?

हे सगळं पाश्चात्त्य आहे, असं मात्र समजू नका. पुरुष डॉक्टरांपुढे आपल्या बायका दुखणं बोलत नाहीत, हे आनंदीबाई जोशींनी ओळखलं होतं. त्यासाठीच १८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. भारतातल्या एमबीबीएसमध्ये मात्र वागणूक, नीती आणि संवाद हा स्वतंत्र भाग २०१९ साली आला. त्याआधी शिकलेल्या अनेकांनी हे स्वतंत्र भाग म्हणून शिकलंच नव्हतं. म्हणून इथे अडखळणाऱ्या डॉक्टरला कमी हुशार ठरवू नका.

उलट तुम्ही त्यांचे रुग्ण व्हा. जेवणं झाल्यावर आठ मिनिटं घड्याळ लावा, काकूंना आजारी पाडा आणि त्यांना खरेखुरे, अडचणीचे प्रश्न विचारू द्या. आणि उद्या तुम्ही स्वतः दवाखान्यात गेलात, तर तुमचे प्रश्नही गिळू नका. ते विचारण्याचा हक्क कुणीतरी एक डोळा गमावून मिळवलाय. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!