भोंग्याच्या गावातील बालपण



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि राज्यारोहणे उभी राहतात. आमच्या सोलापूरचा इतिहास विचारलात, तर १९३० च्या मे महिन्यात जारी झालेला लष्करी कायदा आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी गेलेले चार हुतात्मे यांचे स्मरण कोणीही प्रथम करून देईल. आणि ते योग्यच होय. परंतु त्याच शहरात पहाटेच्या भोंग्याने जाग्या होणाऱ्या आईचा आणि तिच्या कुशीतील लेकराचाही एक इतिहास आहे. आज त्याच विषयी चार शब्द बोलण्याचे मी योजिले आहे.

१८७६ च्या भीषण दुष्काळाने दख्खनचा मुलूख होरपळून निघाला आणि १८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली. तीच पुढे ‘जुनी मिल’ या नावाने ओळखली गेली. १९०९ पर्यंत नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णु आणि जाम या गिरण्यांची धुराडीही उभी राहिली. खेड्यांतून आलेली मराठी आणि कानडी कुटुंबे, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, दख्खनी बोलणारे मुसलमान असे सारे एका गावात नांदू लागले. एकाच गल्लीत कोणी ‘आई’ म्हणून हाक मारी, कोणी ‘अव्वा’, कोणी ‘अम्मा’. परंतु या साऱ्या घरांचे घड्याळ एकच होते, आणि ते म्हणजे गिरणीचा भोंगा. खेड्यात कोंबडा आरवल्यावर माणूस उठे, पण थोडे आळसावले तरी कोणी मजुरी कापीत नसे. भोंग्याला तेवढा धीर नव्हता.

आता या घरातील मुलाकडे पाहू. १८८१ साली कारखान्यांचा पहिला कायदा झाला. सात वर्षांखालील मुलास कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसास नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, असे त्याने ठरविले. ज्या वयात आज आपण मुलाला बोट धरून पहिलीच्या वर्गात नेऊन बसवितो, त्या वयात नऊ तासांची मजुरी हा त्या काळी दयेचा कायदा होता! १८९१ साली किमान वय नऊ झाले आणि तास सात झाले. १९२२ साली वयाची मर्यादा बारावर आली व तास सहा झाले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलास कारखान्याचे दार बंद झाले. सातापासून चौदापर्यंतची ही सात वर्षांची मजल गाठण्यास आपल्या देशास सदुसष्ट वर्षे लागली.

आणि तान्ह्या मुलाचे काय? सूत गुंडाळण्याच्या खात्यात कामास जाणारी आई त्याला कोणाच्या स्वाधीन करणार? घरात म्हातारी सासू असली तर ठीक. नाही तर सहा वर्षांची बहीणच त्याची आई होई. हेही न जमले तर अफूची ‘बाळगोळी’ होतीच. मुंबईतील गिरणीकामगार स्त्रियांची बहुतेक तान्ही मुले याच गोळीवर निजविली जातात, असे १९२० नंतरच्या पाहणीत आढळले. त्या आयांना निर्दय म्हणण्याची घाई आपण करू नये. मूल झोपले नाही तर आईला काम नाही, आणि आईला काम नाही तर मुलाला दूध नाही, असा तो पेच होता. १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूतिभत्त्याचा कायदा झाला, तेव्हा बाळंतपण हाही कामगाराच्या आयुष्याचाच भाग आहे, हे सरकारदरबारी प्रथम मान्य झाले.

येथवर पाहता हा प्रगतीचा सरळ इतिहास वाटेल. परंतु सोलापूर हे केवळ गिरण्यांचे गाव नव्हते. ते हातमागाचेही गाव होते. १८८१ चा कायदा लागू होता तो यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि शंभरांहून कमी माणसे नसलेल्या कारखान्यांना. पूर्व भागातील विणकराच्या घरात एक खड्डामाग, त्यावर बसलेला बाप आणि शेजारी रहाटावर कांड्या भरणारी आई व मुले. तेथे कायद्याने कधी पाऊल टाकले नाही. पुढे विडी वळण्याचा धंदा वाढला. १९८६ च्या बालमजुरी कायद्याने विडीच्या कामावर मुले ठेवण्यास मनाई केली, पण घरच्या माणसांनी मिळून चालविलेल्या कामास त्यातून वगळले. थोडक्यात, कायदा गिरणीच्या फाटकातून आत गेला, परंतु घराच्या उंबरठ्याशी येऊन थांबला.

याची जाणीव मला पुस्तकांनी करून दिली नाही. गिरण्या एकेक बंद पडू लागल्या होत्या, त्या काळातील ही गोष्ट. माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी रोज दुसऱ्या तासाला पेंगत असे. तीनदा बजावले, चौथ्या वेळी मी तिला तासभर उभे केले. ती रडली नाही. तिची बोटे मात्र रिकाम्या हवेत काहीतरी दुमडल्यासारखी सारखी हालत होती. संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. बापाचे काम सुटलेले, आई कंदिलाजवळ विड्या वळीत बसलेली, मांडीवर तान्हे मूल. आणि माझी ही विद्यार्थिनी विड्यांची तोंडे दुमडीत होती. हजाराचा हिशेब पुरा होईपर्यंत झोप नाही. आईने मला पाहताच सूप बाजूला सारले आणि ती म्हणाली, “गुरुजी, शाळा बुडू देत नाही हो मी तिची.” मी रागे भरण्यास गेलो होतो, खाली मान घालून परतलो.

त्या माउलीने आपल्यापुरता एक कायदा केला होता. रात्र तिने घराला दिली होती, दिवस मात्र मुलीसाठी राखून ठेवला होता. तो दिवस मी शिक्षेत घालविला. दुसऱ्या दिवसापासून त्या वर्गाचा गृहपाठ मी शाळेतच करून घेऊ लागलो, आणि निवृत्त होईपर्यंत तो परिपाठ मोडला नाही.

मकरसंक्रांतीस सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते. सातही नंदीध्वजांची मिरवणूक निघते, आणि बापाच्या खांद्यावर बसून ती पाहणारी लेकरे मी साठ वर्षे पाहत आलो आहे. आता भोंगे थांबले आहेत. परंतु जत्रेचा एक दिवस ज्या मोकळेपणाने आपण मुलाच्या हाती देतो, तसे वर्षातील किती दिवस त्याचे स्वतःचे असतात, याचा हिशेब प्रत्येक घराने उंबरठ्याच्या आत बसून करावयाचा आहे. तो आपल्यासाठी दुसरे कोणी करणार नाही.