घरपट्टीपासून अठराव्या वर्षापर्यंत

गिरगावातल्या खोताच्या वाडीला ज्यांचं नाव मिळालं असं सांगतात, ते दादोबा वामन खोत पाठारे प्रभू. खोताचं काम वसुलीचं, आणि मुंबईकराच्या मताचं कूळही वसुलीतच सापडतं. १८७२च्या कायद्याने महापालिकेत ६४ सभासद आले. त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडायचे होते. पण करदाता कोण, तर वर्षाला किमान ५० रुपये पट्टी भरणारा! वाडीतल्या लाकडी बंगल्याचा मालक कदाचित त्यात बसला असता. त्याच्याकडे भाड्याने राहणारा नाही.

म्हणजे मत माणसाला नव्हतं, घराला होतं.

महापालिकेत सरसकट प्रौढ मतदान आलं १९४८च्या निवडणुकीत. पुढे संविधानाच्या कलम ३२६ने लोकसभा-विधानसभेसाठीही पैशाची अट ठेवली नाही. अटी मुख्यतः दोन: भारताचा नागरिक आणि वय वर्षं २१.

यातल्या ‘नागरिक’ या अटीची खरी गंमत गोव्यात दिसली. वाडीतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांची आडनावं पोर्तुगीज वळणाची, पण ती मंडळी इथलीच. पोर्तुगीज राजवट शेवटपर्यंत टिकली ती गोव्यात. १९६२च्या बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण, दीव २० डिसेंबर १९६१पासून भारताचा केंद्रशासित प्रदेश ठरले. जमीन आली, माणसांचं काय? त्यासाठी २८ मार्च १९६२चा वेगळा आदेश काढावा लागला. स्वतः, आईवडिलांपैकी किंवा आजीआजोबांपैकी कुणी २० डिसेंबरपूर्वी तिथे जन्मलं असेल, तर तो भारतीय. आधीचं नागरिकत्व ठेवायचं असेल, तर महिन्याभरात तसं लिहून द्यायचं. डिसेंबर १९६३मध्ये गोवेकरांनी आपली पहिली विधानसभा निवडली.

वयाची अट हलायला आणखी पंचवीस वर्षं गेली. अमेरिकेने १९७१मध्ये घटनादुरुस्ती करूनच अठराव्या वर्षी मत दिलं. व्हिएतनामला पाठवायला जो मुलगा मोठा, तो मताला लहान कसा, हा तिथला सवाल होता. आपल्याकडे एकसष्टावी दुरुस्ती लागू झाली २८ मार्च १९८९ला, योगायोगाने पुन्हा तीच तारीख. त्याच नोव्हेंबरात अठरा ते वीस वर्षांची मुलं लोकसभेसाठी रांगेत उभी राहिली.

आणि घर? १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० सांगतं, की केवळ घर मालकीचं आहे म्हणून कुणी त्या मतदारसंघाचा रहिवासी ठरत नाही. वाडीतलं घर भाड्याने देऊन वांद्र्याला राहायला गेलेल्या मालकाचं मत वांद्र्याला. गिरगावातलं मत त्याच्या भाडेकरूचं.