परमेश्वरन, मेजर रामस्वामी

परमेश्वरन, मेजर रामस्वामी : (१३ सप्टेंबर १९४६–२५ नोव्हेंबर १९८७). भारतीय भूसेनेच्या महार रेजिमेंटमधील पायदळ अधिकारी व परमवीरचक्राचे मरणोत्तर मानकरी. जन्म मुंबईत, तमिळभाषक कुटुंबात. शिक्षण मुंबईतच एसआयईएस या संस्थेच्या शाळेत व महाविद्यालयात. १९६८ मध्ये विज्ञानाची पदवी. १९७१ मध्ये मद्रासच्या (आजचे चेन्नई) ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये प्रवेश आणि जून १९७२ मध्ये १५ महार या पलटणीत नियुक्ती. चीनशी झालेल्या १९६२ च्या युद्धात अधिकाऱ्यांची चणचण जाणवली, तेव्हा पुणे आणि मद्रास येथे अशी दोन विद्यालये घाईने उभी राहिली. पुण्याचे लवकरच बंद पडले. मद्रासचे सेंट थॉमस माउंटच्या परिसरात टिकले. महार रेजिमेंटची पहिली पलटण १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली, आणि तीमागे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पाठपुरावा होता. पुढे या रेजिमेंटमध्ये सर्व प्रांतांतील व समाजांतील जवान भरती होऊ लागले. तिला मिळालेले एकमेव परमवीरचक्र परमेश्वरन यांचे आहे.

भारत-श्रीलंका करारावर २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत सह्या झाल्या आणि भारतीय शांतिसेना जाफना द्वीपकल्पात उतरली. तीत ८ महार ही पलटण होती, आणि परमेश्वरन आता तिच्यात होते. श्रीलंकेच्या सरकारशी लढणाऱ्या तमिळ वाघांनी (एलटीटीई) शस्त्रे खाली ठेवायची आणि शांतिसेनेने त्यावर देखरेख करायची, अशी मूळ योजना. पण ऑक्टोबरपासून या दोघांतच लढाई जुंपली. नोव्हेंबरच्या अखेरीस उडुविलजवळच्या कंतरोडै गावात शस्त्रे उतरवली जात असल्याची खबर आली. परमेश्वरन यांची तुकडी रात्री निघाली, संशयित घराला वेढा घातला, झडती घेतली. हाती काही लागले नाही. परतीच्या वाटेवर, देवळाजवळच्या नारळीच्या बागेतून तिच्यावर गोळीबार सुरू झाला. दबा धरून बसलेल्यांपाशी रॉकेट लाँचरही होते. परमेश्वरन मोजके जवान घेऊन बागेतून वळसा घालत हल्लेखोरांच्या पिछाडीला पोहोचले आणि त्यांच्यावर तुटून पडले. हातघाईच्या झटापटीत एकाने त्यांच्या छातीत गोळी झाडली. त्यांनी त्याचीच रायफल हिसकावली आणि त्याला ठार केले. जखम जीवघेणी होती, तरी अखेरच्या श्वासापर्यंत ते आज्ञा देत राहिले. पाच अतिरेकी मारले गेले. तीन रायफली व दोन रॉकेट लाँचर हस्तगत झाले.

या घटनेचे एकच चित्र लोकांच्या मनात ठसले आहे : छातीत गोळी घेतलेला अधिकारी शत्रूच्या हातातून रायफल ओढून घेतो. मात्र पायदळ अधिकारी म्हणून त्यांचे शौर्य पाहायचे, तर या क्षणाच्या आधी घेतलेला निर्णय अधिक वजनाचा ठरतो. दबा धरून हल्ला करणाऱ्याचा सारा भरवसा एका गोष्टीवर असतो : सापडलेली तुकडी जमिनीला खिळून राहील किंवा आल्या वाटेने मागे पळेल. दोन्ही दिशांवर त्याने आधीच नेम धरलेला असतो. परमेश्वरन यांनी तिसरी दिशा निवडली. परमवीरचक्राच्या सन्मानपत्रातील क्रमही हेच सांगतो : आधी थंड डोक्याने पिछाडीला घातलेला वळसा, मग चढाई, मग झटापट, मग जखम आणि जखमेनंतरही चालू राहिलेले नेतृत्व. रायफल हिसकावल्याने एक शत्रू पडला, तर वळसा घातल्याने अख्खी तुकडी सापळ्यातून सुटली.

सन्मानपत्र ही सरकारी भाषा, तिच्यात गौरव गृहीतच असतो, असा आक्षेप येईल. तो विशेषणांपुरता खरा आहे. पण हस्तगत शस्त्रांची मोजदाद विशेषणांवर चालत नाही. शत्रू आपली शस्त्रे जागीच टाकून गेला, याचा अर्थ ती जागा त्याला सोडावी लागली. दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे : पिछाडीवरून प्रतिहल्ला हा तर प्रशिक्षणातलाच धडा, मग त्यात शौर्य कसले? धडा काय करायचे ते शिकवतो. गोळ्या सुटत असताना ते किती लवकर करायचे आणि पुढे कोणी जायचे, हे ठरवणे अधिकाऱ्यावरच पडते. वळसा घालणारी टोळी दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवून मेजर मुख्य तुकडीपाशी थांबले असते, तर नियमांत ते चुकले नसते. शिकवलेली गोष्ट निवांत मैदानावर साऱ्यांना येते, म्हणून नारळीच्या बागेत ती आठवणाऱ्याचे मोल कमी होत नाही.

तिसरा आक्षेप राजकीय आहे. हे युद्ध जाहीर झालेले नव्हते, मोहिमेचे उद्दिष्ट साध्य झाले नाही आणि अकराशेहून अधिक जवान गमावून मार्च १९९० मध्ये शांतिसेना माघारी आली. तिच्या स्वागताला मद्रास बंदरावर जायचे मुख्यमंत्री एम. करुणानिधी यांनी नाकारले. श्रीलंकेतल्या तमिळांवर तिने अत्याचार केले, अशी भावना तमिळनाडूत प्रबळ होती. धोरणावरची व सेनेच्या वर्तनावरची ही टीका या नोंदीने पुसली जात नाही, पुसूही नये. पण पदकाचा निकष वेगळा आहे. २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झालेले परमवीरचक्र शत्रूसमोर दाखवलेल्या असामान्य पराक्रमासाठी किंवा आत्मबलिदानासाठी दिले जाते. युद्ध जाहीर झालेले असावे किंवा जिंकलेले असावे, अशी अट त्यात नाही. काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत १९६१ मध्ये पडलेले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांनाही याच न्यायाने ते मिळाले. मोहीम आखणे हे दिल्लीचे काम होते. मेजरच्या हाती होती एक तुकडी आणि तिला वाचवण्याचे काही क्षण. त्यांचा हिशेब त्या क्षणांपुरताच मागता येतो.

परमेश्वरन ज्या विद्यालयात घडले, ते १९८८ पासून ऑफिसर्स ट्रेनिंग ॲकॅडमी या नावाने ओळखले जाते. तेथील संचलनाच्या मैदानाला त्यांचे नाव आहे : परमेश्वरन ड्रिल स्क्वेअर. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील २१ बेटांना परमवीरचक्र विजेत्यांची नावे देण्यात आली, त्यांतले एक बेट त्यांचे आहे. बेटावर फार थोडे लोक पोहोचतील. मैदानावर मात्र दर दीक्षान्त संचलनात नवे अधिकारी, १९९० च्या दशकापासून महिला अधिकारीही, एका आज्ञेसरशी पावले टाकत बाहेर पडतात. त्या दिवसानंतर आज्ञा देण्याची पाळी त्यांची असते.