मद्यार्क, इंजिन आणि छिद्राचे माप

परतवाड्याला लागून असलेल्या अचलपूर स्थानकातून मूर्तिजापूरकडे जाणारा अरुंदमापी लोहमार्ग १९१३ साली सुरू झाला. ‘शकुंतला’ ह्या नावाने वऱ्हाडात ओळखली जाणारी ही गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनाने ओढली. त्या वर्षी डिझेलचे इंजिन आले. आज ती गाडी बंद आहे. पण तिच्या इतिहासातील एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तेथे इंधन बदलले तेव्हा सबंध इंजिनच बदलावे लागले. मोटारीतील मद्यार्काचा इतिहास ह्याच्या उलट आहे. इंजिन तेच ठेवून इंधन तेवढे बदलावयाचे, असा हा प्रयत्न आहे. आणि तो सफल व्हावयाचा तर बदलावी लागते ती मुख्यतः एक सूक्ष्म वस्तू, म्हणजे इंधन सोडणाऱ्या छिद्राचे माप. आपल्याकडील इंधनमिश्रणाचा इतिहास मळीचा साठा आणि पेट्रोलची आयात ह्यांच्या अंगाने पाहिला जातो. तो ह्या छिद्राच्या अंगाने पाहिल्यास काय दिसते, एवढेच प्रस्तुत टिपणात सांगावयाचे आहे.

प्रथम रसायनाचा हिशेब पाहू. १ किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते; १ किलो मद्यार्कास सुमारे ९ किलो पुरते, कारण प्राणवायूचा काही अंश मद्यार्काच्या घटनेतच असतो. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी वजनाने सुमारे १.६३ पट, आणि घनतेतील फरक जमेस धरता आकारमानाने सुमारे १.५४ पट मद्यार्क सोडावा लागतो. ८५ टक्के मद्यार्काच्या मिश्रणास हे प्रमाण सुमारे १.४३ पट, तर २० टक्क्यांच्या मिश्रणास सुमारे १.०७५ पट येते. छिद्रातून वाहणारे इंधन व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, पण दाबाच्या केवळ वर्गमुळाच्या प्रमाणात. दीडपट इंधन हवे तर व्यास सुमारे २२ टक्क्यांनी वाढविला की भागते. तेच काम दाबाने करावयाचे झाल्यास दाब सव्वादोन पट करावा लागेल. पंप व नळ्या ह्यांस तो सहसा झेपत नाही. म्हणून प्रश्न शेवटी मापाकडेच येतो.

कार्ब्युरेटरच्या काळात ह्या प्रश्नाची तीव्रता जाणवली नाही. संयुक्त प्रांताने १९४० साली आणि मध्यवर्ती विधिमंडळाने १९४८ साली पॉवर अल्कोहोलविषयी कायदे केले. १९४८ च्या कायद्याने मद्यार्क किमान ९९.५ टक्के शुद्ध असावा असे ठरविले. पाण्याचा अंश राहिल्यास मिश्रण फाटते, हे पाहता ती अट योग्यच होती. मात्र हे शुद्धतेचे माप पिंपातील द्रवाचे होते. इंजिनात तो किती सोडावा हे माप मिस्त्रीकडे राहिले. कार्ब्युरेटरचे जेट काढून किंचित मोठे बसविणे हे काही मिनिटांचे काम होते आणि मिश्रण थोडे विरळ झाले तरी त्या काळची मंद इंजिने ते सोसत. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो ह्यांनी पहिल्या महायुद्धानंतर केलेल्या प्रयोगांनी मद्यार्क अधिक संपीडन सहन करतो, हे स्पष्ट झाले होते. पण हा गुण वापरणारी इंजिने आपल्या रस्त्यांवर तेव्हा नव्हती. १९४८ चा कायदा २००० साली रद्द झाला. पुढच्याच वर्षी मिरज व मनमाड येथे मिश्रणाचे नवे प्रयोग आरंभिले गेले, तोवर कार्ब्युरेटरचा अस्त होऊ लागला होता.

इंजेक्टर आणि टर्बोचार्जर ह्यांनी ही ढिलाई संपविली. उदाहरणार्थ, १५० अश्वशक्तीचे चार सिलिंडरांचे टर्बो इंजिन घेऊ. दर अश्वशक्तीस ताशी ०.२७ किलो पेट्रोल धरले, तर प्रत्येक सिलिंडरास मिनिटाला सुमारे २२७ घनसेंटिमीटर इंधन लागते. इंजेक्टर पूर्णवेळ उघडा ठेवता येत नाही. ८५ टक्के ही मर्यादा धरल्यास २६७ घनसेंटिमीटरचा इंजेक्टर हवा. ८५ टक्के मद्यार्कासाठी तोच आकडा ३८२ च्या आसपास आणि शुद्ध मद्यार्कासाठी ४११ च्या आसपास जातो. तथापि माप वाटेल तेवढे वाढविणे हाही उपाय नव्हे. फार मोठा इंजेक्टर मंदगतीत इतका अल्पकाळ उघडतो की थेंबांचे मोजमाप बिघडते. मोठ्यात मोठा नव्हे, तर गरजेस पुरून थोडा उरेल असा निवडणे, हे ह्या हिशेबाचे सार होय.

हा हिशेब नीट केल्यास काय साधते, ह्याची दोन उदाहरणे आहेत. स्वीडनमध्ये २००५ साली विक्रीस आलेली साब कंपनीची टर्बो मोटार पेट्रोलवर १५०, तर ८५ टक्के मद्यार्कावर १८० अश्वशक्ती देत असे. मद्यार्काची बाष्पीभवनाची उष्णता पेट्रोलच्या सुमारे अडीचपट असल्याने आत येणारा वायू थंड राहतो व दाब वाढविता येतो. दुसरे उदाहरण विदर्भातीलच आहे. २०१४ साली नागपुरात स्कॅनिया कंपनीची मद्यार्कावर धावणारी बस प्रयोगादाखल आली. २०१६ अखेर तिच्या मालिकेतील बसगाड्यांचा ताफा सुरू झाला आणि २०१८ साली ती सेवा थांबली. हे इंजिन मुळात टर्बो डिझेलचे. त्याचे संपीडन २८ ला १ इतके वाढविले होते, आणि डिझेलपेक्षा सुमारे १.७ पट इंधन लागत असल्याने इंजेक्टरची छिद्रे व पंप दोन्ही मोठे केले होते. येथे छिद्राचा निर्णय कारखान्यात, इंधनाच्या निर्णयाबरोबरच झाला होता.

सर्वसाधारण मोटारमालकाची स्थिती अशी नाही. मिश्रणाचे प्रमाण जून २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. जुन्या मोटारीतील इंजेक्टर मात्र होता तेवढाच राहिला. वरील इंजिनाचाच दाखला घेतला, तर पूर्ण भारावर इंजेक्टर उघडा राहण्याचे प्रमाण ८५ वरून सुमारे ९१ टक्क्यांवर जाते. मिश्रण ३० टक्के झाल्यास ते ९५ टक्क्यांवर जाईल. सपाट रस्त्यावर हे कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण संगणक इंजेक्टर थोडा अधिक वेळ उघडा ठेवून तूट भरून काढतो. परंतु परतवाड्याहून सुमारे १,१०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्यास भरलेली गाडी नेताना टर्बोवर दीर्घकाळ भार राहतो. वेळ वाढविण्यास वावच उरला नाही, तर मिश्रण विरळ होते, ज्वलनकक्ष तापतो आणि दट्ट्यास इजा पोहोचण्याचा संभव असतो. २० टक्क्यांस ही शिल्लक बहुधा पुरते. माप न पाहता ८५ टक्के मद्यार्क भरणाऱ्यास ती पुरणार नाही.

ह्यावरून मिश्रणाचे धोरण चुकीचे आहे, असा निष्कर्ष काढणे उचित होणार नाही. निष्कर्ष एवढाच, की १९४० पासून आजवर मिश्रणाची टक्केवारी पुरवठ्याच्या बाजूने ठरत आली आणि ती पेलण्याची जबाबदारी छिद्रावर सोडली गेली. पूर्वी ती मिस्त्रीचा हात सांभाळत असे. आज ती संगणकाच्या शिलकीवर आहे, आणि ती शिलक मर्यादित आहे. इंधनाच्या इतिहासाच्या अभ्यासकाने कायदे व उत्पादनाचे आकडे जसे तपासावेत, तशीच गॅरेजमधील जेट व इंजेक्टर ह्यांची मापेही नोंदवून ठेवावीत. टक्केवारी प्रत्यक्षात कोणी आणि कशी पेलली, ह्याचा पुरावा त्या मापांतच आहे.