मर्यादक घटक, वन्यजीवसंख्येचे

एखाद्या अधिवासात एका जातीचे किती प्राणी तग धरतील, हे ठरवणारे घटक. अन्न, पाणी, निवारा, भक्षक, रोग, हवामान आणि माणूस हे त्यांतील प्रमुख. अन्नटंचाई व रोगराई गर्दीबरोबर वाढतात, म्हणून ते घनतावलंबी घटक. पूर, वणवा, हिमवादळ गर्दी पाहून येत नाहीत. प्रत्यक्षात ही विभागणी बरीचशी पुस्तकी ठरते.

बेरिंग समुद्रातील सेंट मॅथ्यू बेटावर ते स्पष्ट दिसले. अमेरिकी तटरक्षक दलाने १९४४ मध्ये तेथे २९ रेनडियर सोडले. भक्षक नव्हतेच, जमिनीवर शैवाकांचा (मसाल्यातले दगडफूल याच वर्गातले) जाड थर होता. कळप १९५७ मध्ये १,३५० वर, तर १९६३ मध्ये सुमारे ६,००० वर गेला. तोवर प्राण्यांचे सरासरी वजन घटल्याचे व शैवाक फस्त झाल्याचे जीवशास्त्रज्ञ डेव्हिड क्लाइन यांना आढळले. १९६३-६४ च्या कडक हिवाळ्याने कळप कोसळला. १९६६ मध्ये ४२ रेनडियर उरले, त्यांत नर एकच. बळी थंडीने घेतले, पण उपासमारीने ते आधीच खंगलेले होते. शैवाक अतिशय सावकाश वाढत असल्याने बेटाची धारणक्षमताही खालावली.

काही जातींत जननाचा वेगच आड येतो. माळढोकाची मादी एका विणीत बहुधा एकच अंडे घालते. त्यामुळे वीजतारांना धडकून होणारे मोजके मृत्यूही भरून निघत नाहीत. सोलापूरजवळ नान्नजला माळरान राखूनही हा पक्षी दुर्मीळच झाला.